खळग्यातल्या पाण्याला वळसा घालून चला



"कॅम्पिंग आपल्यासारख्यांना जमायचं नाही गं." टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, पाणी गाळलेलं हवं, कांदा-बटाटा नको, मग तंबूत राहून करायचं तरी काय? ज्या जातात त्यांची तक्रार वेगळीच. तिथे म्हणे नियमच फार! मला यातलं एकही पटत नाही. एन्चांटेड रॉकला दोन-तीनदा मुक्काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की तिथले नियम आपल्या घरच्या शिस्तीला अगदी जवळचे आहेत. ते आपल्याला सहज जमायला हवेत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑस्टिनहून सुमारे दोन तासांवर, फ्रेडरिक्सबर्ग गावाच्या उत्तरेला हा गुलाबी ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट आहे. आजूबाजूच्या जमिनीपासून ४२५ फूट उंच आणि ६४० एकरांवर पसरलेला. सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी जमिनीखाली तप्त रस थिजून हा दगड झाला. वरची माती-खडक झिजून गेल्यावर डोक्यावरचा दाब कमी झाला आणि दगडाचे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे सुटू लागले. श्रवणबेळगोळला विंध्यगिरी अनवाणी चढलेल्या बायकांना ग्रॅनाइटची ओळख करून द्यायला नकोच. फरक इतकाच, की इथे पायऱ्या नाहीत. माथ्यावर जाणारी वाट जेमतेम ०.८ मैलाची, पण उघड्या खडकावरून थेट चढणारी. चांगली पकड असलेले बूट हवेत, आणि पावसाने दगड ओला असेल तर चढू नये. उन्हाळ्यात तर सकाळी लवकर चढून उतरावं.

आता नियमांचं बघू. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने माथ्याची वाट बंद होते. घुमटाला फेरी घालणारी लूप ट्रेल सोडली तर बाकीच्या वाटाही बंद होतात. मुक्कामाला तंबूच, आणि तोही सामान हातात घेऊन चालत जाऊन लावायचा. मोठी गाडी आणून तिच्यात झोपायची सोय नाही. आतल्या रानातल्या जागा तर एक ते तीन मैल चालून गाठाव्या लागतात. तिथे प्यायचं पाणी मिळत नाही, लाकडं पेटवायला बंदी आहे, फक्त गॅसचा छोटा स्टोव्ह चालतो. वाळक्या काटक्या गोळा करायच्या नाहीत, दगड-फुलं उचलायची नाहीत.

यात आपल्याला नवं काय आहे? दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या घरात अंधारात चूल पेटवायचा प्रश्नच येत नाही. दिव्याभोवती किडे येतात म्हणून रात्री रांधायचं नाही, हे आजीने शिकवलंच होतं. पाणी घरूनच गाळून, उकळून न्यायचं, तेही भरपूर. दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू घेतले की स्टोव्हसुद्धा लागत नाही. संध्याकाळी सगळं आवरलेलं असतं आणि रात्र मोकळी मिळते. तिथला अंधार मुद्दाम जपलेला आहे, त्यामुळे आकाश असं दिसतं की मुलं मोबाईल विसरतात. दिवसभर तापलेला दगड रात्री थंड होताना कधी कधी कुरकुरतो. पूर्वी इथे राहणाऱ्या टोंकावा लोकांना त्यात भुताखेतांचा वास वाटे.

पण मला खरं बोलायचं आहे ते माथ्यावरच्या खळग्यांबद्दल.

घुमटावर जागोजागी उथळ खळगे आहेत. पावसानंतर त्यांत पाणी साठतं, आणि त्या पाण्यात फेअरी श्रिम्प नावाचे पारदर्शक, इवलेसे जीव पोहत असतात. पाणी आटायच्या आत ते अंडी घालून जातात. ती अंडी कोरड्या रेतीत, तळपत्या उन्हात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. म्हणजे कोरडा खळगाही रिकामा नसतो. हळूहळू खळग्यात माती धरते, गवत उगवतं, आणि फार काळाने एखाद्यात ओकचं झाडसुद्धा उभं राहतं. त्या मातीत एक पाऊल रुतलं की ते सगळं पुन्हा मागे जातं. कुत्र्यांना माथ्यावर नेऊ देत नाहीत तेही योग्यच आहे.

आणि अशाच एका खळग्यात मी आपल्यापैकीच एका गटाला जेवणाच्या थाळ्या विसळताना पाहिलं. मुलं दुसऱ्या खळग्यात उड्या मारत होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. "दगडावरचं डबकं, त्यात काय?" इतकंच. मला मात्र ते फार लागलं. घरी पाण्याच्या थेंबात जीव आहेत म्हणून आपण गाळणं धुतलेलं पाणीही जपून टाकतो. तो जीव डोळ्यांना दिसत नाही तरी मानतो. इथे तर तो दिसतो, जरा वाकून बघितलं तर!

कुणी म्हणेल, एका पावलाने काय होणार? एकाच पावलाचं असतं तर खरं होतं. पण त्या माथ्यावर रोज किती पावलं पडतात! म्हणूनच गर्दी झाली की उद्यानाचं दार बंद करतात. शनिवार-रविवारी दोन तास गाडी चालवून परत फिरावं लागलं की लोक चिडतात. मला तो नियम सगळ्यांत जास्त आवडतो. जागेला पेलेल तेवढीच माणसं आत घ्यायची, हा एक प्रकारचा परिग्रह-परिमाणच की! आधी आरक्षण करा, शक्यतो मधल्या वारी जा, म्हणजे चिडायची वेळ येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, जाच. "जमत नाही" म्हणून घरी बसू नका. पंचवीस जणांच्या सहलीऐवजी दोन घरं मिळून जा. ताटं पुसून पिशवीत ठेवा आणि घरी आणून घासा. चढायच्या आधी मुलांना खळग्यांबद्दल सांगा. पुढची चार हात जमीन बघून चालायचं, हे त्यांनी महाराजांच्या विहारात पाहिलेलं असतं. ते तिथे त्यांना स्वतः करू द्या. एकदा त्या पाण्यात हलणारा जीव दिसला, की पुढच्या खळग्याला ती आपणहून वळसा घालतात.