‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमकं काय? ट्रकच्या चाकामागचा रबरी पडदा समजून घ्या

घाटात ट्रक उलटला की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ पण ब्रेकमधलं नेमकं काय निकामी झालं, हे क्वचितच कळतं. अनेकदा उत्तर चाकामागच्या ब्रेक चेंबरमध्ये सापडू शकतं.

चेंबरमध्ये काय असतं?

ट्रक-बसच्या एअर ब्रेकमध्ये या गोल डब्यात कापड घातलेल्या रबराचा पडदा असतो, तो डायफ्रॅम. पेडल दाबलं की टाकीतली हवा पडद्याला ढकलते, पडदा पुश रॉडला आणि रॉड ब्रेक लावतो. ‘टाइप ३०’ चेंबरच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच असतं. ७ बार दाबाला तो तेराशे किलोहून अधिक जोर लावतो.

तो फाटतो का?

प्रत्येक ब्रेकला पडदा त्याच घडीवर वाकतो. त्यात ड्रमची उष्णता आणि झिजलेल्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर येणारं तेल. रबर कडक होतं किंवा फुगतं, मग चिरतं.

हवा गेली तर ब्रेक आपोआप लागत नाही का?

लागतो, पण अर्धंच उत्तर झालं. मागच्या चाकांच्या जोड-चेंबरमध्ये दणकट स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. रिफायनरीतल्या व्हॉल्व्हचंही असंच असतं. हवा गेली तर इंधनाचा व्हॉल्व्ह बंद आणि थंड पाण्याचा सहसा उघडा राहील, अशी रचना करतात.

पेडलच्या बाजूचा पडदा मात्र गुपचूप दगा देतो. पेडल दाबलं नाही तर तिथे हवाच नसते, त्यामुळे गळतीही दिसत नाही. काटा ठीक, टाकी भरलेली. चीर कळते ती ब्रेक दाबल्यावर, म्हणजे नेमकी उतारावर. त्यात ड्रम तापून फुगला की रॉडला आणखी लांब जावं लागतं. त्याची धाव संपली की कितीही दाबा, जोर वाढत नाही. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसरही थांबतो. गळालेली हवा भरणार कोण?

कसं तपासायचं?

- चाकांना ठोकळे लावा, टाकी भरा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा.
- एकाने पेडल दाबून धरावं, दुसऱ्याने प्रत्येक चाकाजवळ ‘फुस्स’ आवाज ऐकावा.
- रॉड किती बाहेर येतो, ते मोजा.
- सुरुवातीच्या घटीनंतरही काटा उतरत राहिला, तर गाडी हलवू नका.
- स्प्रिंगचा चेंबर रस्त्यावर उघडू नका. सुटलेली स्प्रिंग जीव घेते.

मग जबाबदारी कुणाची?

उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक चुकतोच. पण पडदा फाटेपर्यंत चालवायचा, हा निर्णय बहुतेकदा त्याचा नसतो. तो मालकाचा असतो. गाडीच्या किमतीपुढे पडद्याची किंमत नगण्य आहे. तो ठरलेल्या मुदतीत बदलला पाहिजे. फिटनेस तपासणीत पेडल दाबून गळती आणि रॉडची धाव मोजून नोंदवली पाहिजे. अपघातानंतरही चेंबर उघडून काय सापडलं, ते जाहीर व्हावं. ‘ब्रेक फेल’ एवढ्यावर फाइल बंद झाली, तर पुढच्या उतारावर तेच वाक्य पुन्हा छापावं लागेल.