हळदीचा दावा जिंकला, पुढे काय?

जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला बहाल केले. (संशोधक भारतीय वंशाचेच होते, हा भाग निराळा.) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे नेतृत्व करून दिल्लीला गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथापासून १९५३च्या वैद्यकीय शोधनिबंधापर्यंतचे पुरावे मांडले आणि १९९७च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झाले. 'हळदीघाटीची लढाई' म्हणून आपण तिचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. परंतु त्या निकालाने सिद्ध झाले ते एवढेच, की हे ज्ञान नवे नाही. मधुमेह्याच्या पायाची जखम हळदीने किती भरते, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. तो आपणच विचारायला हवा होता.

तैवानमध्ये एका कंपनीने तो दुसऱ्या दोन वनस्पतींबाबत विचारला. एक पानओवा, म्हणजे आपल्या गॅलरीतल्या कुंडीतला, भज्यांचा; आणि दुसरी मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कित्येक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. या दोहोंच्या अर्कांचे मलम २३६ रुग्णांवर तपासले गेले. १६ आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी ६०.७ टक्क्यांच्या जखमा पूर्ण भरल्या, तर नुसती शोषक पट्टी बांधलेल्यांपैकी ३५.१ टक्क्यांच्या. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. चाचणीचा खर्च कंपनीचाच होता, हे लक्षात ठेवावे. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने तर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ जखम भरावी म्हणून वनौषधीयुक्त पट्ट्या वापरू नयेत, असेच सांगितले आहे. कारण भरवशाचा पुरावा अपुरा आहे. यावर रागावण्यात अर्थ नाही. पुरावा द्यायचा तो आपणच.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात केवळ अभिमानाचा राहत नाही. तीन पाळ्यांत राबणारा कामगार आठ-आठ तास जाड सुरक्षा-बुटांत उभा असतो. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की बुटात शिरलेला लोखंडाचा कीस टोचतो, पण कळत नाही. घरी मोजा काढताना रक्त दिसते. दुखत नाही म्हणून हळद-तूप लावले जाते, वर कोरफडीचा गर, आणि सकाळी पुन्हा तेच बूट. कंत्राटी कामगाराला रजा म्हणजे बुडालेला रोज. जखम भरत नाही याचे खापर मग कधी हळदीवर फुटते, कधी नशिबावर. खरे कारण बहुधा असे, की त्याच जागेवर दिवसभर भार पडत राहतो, रक्तपुरवठा मंदावलेला असतो आणि साखर वाढलेली असते. कोणतेही मलम, देशी असो वा विदेशी, हा भार उचलत नाही.

सुश्रुताला हे ठाऊक होते. मधुमेह्यांचे व्रण कष्टाने बरे होतात, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. व्रणासाठी त्याने सांगितलेल्या ६० उपक्रमांत लेप आहेत, तसे शस्त्रकर्म, बंधन आणि आहारही आहेत. शोधन आधी, रोपण नंतर, हा त्याचा क्रम. अस्वच्छ व्रणावर थेट पाला वाटून लावणारा मनुष्य आयुर्वेदाचा नव्हे, ऐकीव गोष्टींचा अनुयायी होय. वाटलेल्या पाल्याबरोबर मातीतले जंतूही जखमेत जातात.

१९५५ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ज्या पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले, त्याच नगरीत आज महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आयुर्वेद महाविद्यालये आहेत आणि रुग्णांची तर वाणच नाही. शल्यचिकित्सक आणि वैद्य यांनी एकत्र बसून, प्रमाणित जात्यादि तेलाची किंवा हळदीच्या मलमाची नियमित उपचारांच्या जोडीने रीतसर चाचणी घेण्यास काय अडचण आहे? निकाल प्रतिकूल आला तरी तो छापण्याची तयारी मात्र हवी.

तोवर आपल्या वस्तीतील कार्यकर्त्यांनी एवढे करावे: मधुमेही बांधवाला रोज रात्री तळपाय आरशात पाहायला, बूट घालण्यापूर्वी झटकायला आणि बधिर पाय गरम पाण्यात न बुडवायला सांगावे. पायावर जखम दिसली, ती दुखत नसली तरीही, त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे, आणि पर्यवेक्षकाकडे त्याच्यासाठी बसून करायच्या कामाची मागणी त्याच्या बरोबरीने जाऊन करावी.