टोटलच्या वरची ओळ

साप्ताहिक स्तंभ : खतावणी
– खतावणीकार

सोसायटीच्या चेकवर दोघांच्या सह्या लागतात. जिन्याला रंग द्यायचा तरी तीन कोटेशनं मागवतात. पण मेंटेनन्सच्या शीटमध्ये नवी ओळ घालायला कुणाला विचारावं लागत नाही. राइट क्लिक, इन्सर्ट, झालं. हे मला खटकतं.

बांधलेल्या खातेवहीत मध्ये ओळ घुसवायची सोयच नव्हती. घुसवलीच तर बारीक अक्षरांत, दोन ओळींच्या फटीत, आणि ऑडिटरचं बोट नेमकं तिथेच थांबायचं. एक्सेलमध्ये फट दिसत नाही. खालच्या सगळ्या ओळी गुमान खाली सरकतात आणि नवी ओळ जन्मापासून तिथेच असल्यासारखी दिसते. (शीट त्यानं वाढत नाही, बरं का. ओळी 10,48,576 आणि कॉलम 16,384, एवढाच पसारा. एक ओळ आत आली की तळाची एक रिकामी ओळ गळते.)

बोरिवलीतली 28 फ्लॅटची एक सोसायटी धरू. दुसऱ्या ओळीपासून एकोणतिसाव्यापर्यंत सभासद, त्याखाली टोटल. या दोन ओळींच्या मध्ये कुठेही ओळ घातली, तर बेरजेचा फॉर्म्युला तिला सामावून घेतो. पण आपण घालतो कुठे? नवा गाळा सभासद झाला की सगळ्यांच्या शेवटी, टोटलच्या डोक्यावर. ही लोकलमधली चौथी सीट. बसल्यासारखं वाटतं, पण बाकड्याच्या हिशेबात तुम्ही नसता. कधी एक्सेल आपणहून बेरीज वाढवून घेतं, कधी नाही. भरवसा ठेवू नये.

ओळीपेक्षा कॉलम जास्त घातकी. आपल्या बिलात मुळात कॉलम फार. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं, पाणी नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, भाडेकरू ठेवला तर सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क. प्रत्येक आकड्याची रीत वेगळी, म्हणून कुणीतरी हुशार सभासद व्ही-लुकअप लावून देतो: फ्लॅट नंबर शोध आणि चौथ्या कॉलममधला मालमत्ता कर बिलात आण. पहिल्यात नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात क्षेत्रफळ, चौथ्यात कर. वर्षभर सुरळीत चालतं. मग नव्या सेक्रेटरींना नावाशेजारी मोबाईल नंबर हवासा वाटतो. कॉलम इन्सर्ट होतो, कर पाचव्यावर जातो, पण फॉर्म्युल्यातला 4 हा 4च राहतो. आता चौथ्यात क्षेत्रफळ आहे. 620 चौरस फुटांच्या फ्लॅटला मालमत्ता कर 620 रुपये! हा आकडा कुणाला खुपणार? महिन्याचा कर एवढा असूही शकतो. ओरड करेल तो 480 फूटवाला, कारण मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे आणि त्याच्या बिलात आजवर तिथे शून्य असायचं. आणि अशा इमारतीत सगळेच टू बीएचके असले तर? तर ओरड ऑडिटपर्यंत लांबते.

यावर कुणी म्हणेल, हे हौशी खजिनदारांचं दुखणं. तसं नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी 2010 साली सरकारी कर्ज आणि विकासदर यांवर निबंध लिहिला. काटकसरीच्या बाजूनं बोलणारे पुढारी त्याचा दाखला देऊ लागले. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची शीट उघडली, तर सरासरीचा फॉर्म्युला 49व्या ओळीपर्यंत जायचा तो 44व्या ओळीतच थांबलेला. पाच देश बाहेर! निबंधावर इतर आक्षेपही होते, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या पाच ओळी.

जुन्या हिशेबनिसांचा उपाय उभी-आडवी बेरीज जुळवण्याचा. इथे तो चालत नाही, हे कुणी सांगत नाही. ओळ दोन्ही बेरजांतून सुटली असेल तर दोन्ही चुकूनही छान जुळतात. कॉलम सरकला असेल तर चुकीचेच आकडे बिनचूक जुळतात. पडताळा शीटच्या बाहेरचा हवा. ‘जे’ नमुन्यातल्या सभासद यादीत जितकी नावं, तितक्या ओळी बेरजेत आल्या का, हे मोजा. मालमत्ता कराच्या कॉलमची सहा महिन्यांची बेरीज महापालिकेच्या सहामाही बिलाशी लावून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते खजिनदारानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी करावं.

बाकी दुरुस्त्या किरकोळ. टोटलच्या वर एक रिकामी ओळ ठेवा, ती बेरजेत धरा आणि नवा सभासद नेहमी तिच्या वर घाला. नव्या एक्सेलमध्ये एक्स-लुकअप आहे. तो कॉलम मोजत बसत नाही, कॉलमच धरून ठेवतो. बिलं निघाली की त्या महिन्याच्या शीटला कुलूप, पासवर्ड दोघांकडे. आणि मोबाईल नंबर हवेतच असतील तर ते वेगळ्या शीटवर लिहा.