मोतीबिंदू काढला, पण डोळा दुखतो आहे!

मोतीबिंदूचे ऑपरेशन आता इतके सुटसुटीत झाले आहे की, सकाळी गेलेला माणूस बहुधा संध्याकाळी घरी येतो. बहुतेकांना पुढे काही त्रासही होत नाही. म्हणूनच की काय, ज्याला होतो तो ‘ऑपरेशन आहे, दुखायचेच’ असे म्हणून गप्प बसतो. घरात सुगीची गडबड असते, सोबत जायला कोणी नसते. ‘बाजारच्या दिवशी दाखवू’ असे ठरते. आमच्या मते काही डोळे ऑपरेशनने नव्हे, या चार दिवसांच्या चालढकलीने जातात.

थोडी खुपखुप, पाणी येणे, किंचित लाली हे सुरुवातीला चालायचेच. ते रोज कमी होत जाते. पण दुखणे वाढले, डोळा लालभडक झाला किंवा दिसू लागलेले पुन्हा अंधुक झाले, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. असे क्वचितच होते, पण झाले तर बहुधा पहिल्या आठवड्यात. मग नुसत्या थेंबांनी भागत नाही. डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागते, प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रियाही लागते. डोळ्यापुढे विजा चमकणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे ही आतला पडदा सुटल्याची खूण असू शकते. तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

प्रत्येक तक्रार मात्र इतकी गंभीर नसते. बुबुळाची सूज किंवा डोळ्यातला वाढलेला दाब बहुधा औषधाने उतरतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले की लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नाही. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते. लेसरने काही मिनिटांत, चिरफाड न करता ती मोकळी करता येते.

घरचे मध, गुलाबपाणी किंवा शेजाऱ्यांचे उरलेले थेंब डोळ्यात मुळीच घालू नयेत.

शिबिर भरवणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. किती ऑपरेशने केली, हा आकडा फलकावर जरूर लिहा. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने किती डोळे तपासले, तेही लिहा. रात्री-अपरात्री डोळा दुखला तर कोणाला फोन करायचा, हे प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर असले पाहिजे. नसेल तर नातेवाइकांनी घरी निघण्यापूर्वी ते विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला? डोळा आपला आहे.