कुत्र्याच्या पिंजऱ्याचे माप आणि माणसाच्या खोलीचे माप

सुट्टी लागली, परदेशवारी ठरली की महानगरातील सधन वर्गापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो घरातील कुत्र्या-मांजरांना कोठे ठेवायचे हा. या गरजेतून पैसे घेऊन प्राणी सांभाळणारा नवा धंदा उभा राहिला आहे. कोणी त्याला बोर्डिंग म्हणते, कोणी हॉस्टेल. शहरातील सोसायट्यांत भुंकण्याची तक्रार होते, जागेचे भाडे परवडत नाही. साहजिकच हा धंदा शहराची वेस ओलांडून अंबरनाथ, बदलापूर, कर्जतच्या बाजूला सरकतो. एमआयडीसीतील बंद पडलेल्या कारखान्याची पत्र्याची शेड अशा धंद्याला सोयीची. भिंत आहे, फाटक आहे, शेजारी तक्रार करणारी सोसायटी नाही. या जागांसाठी आरोग्याचे व निवाऱ्याचे कोणते निकष आहेत, ते कोणी तपासायचे आणि तेथे राबणाऱ्या माणसाचे काय, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. चळवळीच्या वाचकाला हा विषय परका वाटेल, पण तसे नाही. अशा जागेत मालकाचा कुत्रा आठ दिवस राहतो. झाडू घेतलेला माणूस तेथे बारा महिने असतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो.

प्रथम कायदा पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणे, विनाकारण दीर्घकाळ साखळीने बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे गुन्हे आहेत. 'मालक' या शब्दाची व्याख्याही या कायद्याने रुंद ठेवली आहे. ज्याच्या ताब्यात त्या वेळी प्राणी आहे तोही मालकच. म्हणजे बोर्डिंगवाल्याला 'कुत्रा माझा नाही' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. येथपर्यंत ठीक. पण शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड! १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती, आज एका दिवसाच्या बोर्डिंगचे बिलही तेवढ्यात भागत नाही. प्राण्याला ठार मारले किंवा लुळे-पांगळे केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हालहाल करून जिवंत ठेवले तर पन्नास रुपये!

२०१७ साली केंद्र सरकारने श्वान प्रजनन व विक्रीचे नियम केले, २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. २०१७ च्या नियमांत एक गंमत आहे. 'ब्रीडर' म्हणजे प्रजनन करणारा, या शब्दाच्या व्याख्येतच बोर्डिंग चालविणारा गुंडाळून टाकला आहे. त्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे भाग आहे, पण त्याला स्वतःला ते ठाऊक असेलच असे नाही. आपण पिल्ले विकत नाही, मग हे नियम आपल्याला कसे लागू, असे तो प्रामाणिकपणे समजतो. पुन्हा हे नियम फक्त कुत्र्यांचे. मांजराने काय करावे? दुकानांचे नियम विक्रीसाठी ठेवलेल्या प्राण्यांना लागू होतात, आठ दिवसांच्या पाहुण्या मांजराला नाही. म्हणजे पैसे घेऊन मांजर सांभाळणाऱ्यावर केंद्राच्या या दोन्ही नियमांचा अंमल नाही. मांजर दगावले तर तिच्या मालकाच्या हाती ग्राहक मंच आणि १८७२ च्या करार कायद्यातील ठेवीची कलमे तेवढी उरतात. कायद्याच्या नजरेत जिवंत प्राणी आणि सायकल स्टँडवर ठेवलेली सायकल एकाच रांगेत उभी आहेत.

इंग्लंडकडे पाहा. तेथे बोर्डिंगसाठी स्वतंत्र कायदा १९६३ सालीच झाला होता. २०१८ पासून नवे परवाना नियम आले. स्थानिक परिषद जागा तपासते, परवाना देते, एक ते पाच तारे लावते. कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेचे तापमान किती असावे, तेही तेथे लिहून ठेवले आहे. इंग्रजांचे सारेच अनुकरणीय, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या हाती परवाना त्याच्याच हाती तपासणी, हे सूत्र उचलण्यासारखे आहे. आपल्याकडे जमीन एमआयडीसीची, करवसुली एकाची, प्राण्यांचा विषय पशुसंवर्धन खात्याचा, कामगारांचा विषय कामगार आयुक्तांचा. चार खाती मिळून कोणीच नाही. अंबरनाथच्या औद्योगिक क्षेत्रात विशेष नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आहे. ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड कशासाठी वापरला जातो, हे पाहणे तिचे काम. लोखंडी सुटे भाग बनविण्यासाठी घेतलेल्या शेडमध्ये कुत्रे ठेवले गेले तर वापरबदलाची परवानगी घेतली का, हे विचारायचे कोणी?

आता आरोग्याचा भाग. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा जीव जायला एक दुपार पुरते. पार्व्हो हा रोग पिलांना झपाट्याने मारतो आणि त्याचे विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतात. नुसत्या पाण्याने फरशी धुऊन भागत नाही, ब्लीचिंगसारखे क्लोरीनचे औषध लागते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनाईल मांजराला विषासमान आहे. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधे मांजराला लावली तर ते मरू शकते. म्हणून कुत्री-मांजरे वेगळी, आजारी प्राणी वेगळा, लसीचा दाखला पाहिल्याखेरीज प्रवेश नाही, पशुवैद्य ठरलेला, हे साधे निकष कोणत्याही जागेला लागू करता येतील. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही.

परंतु या साऱ्या निकषांच्या चर्चेत एक प्राणी कायम वगळला जातो, तो म्हणजे पिंजरा धुणारा माणूस. फरशीवरच्या मुतावर ब्लीचिंग ओतले की जो वायू निघतो तो त्याच्या छातीत जातो. लेप्टोस्पायरोसिस प्राण्यांच्या मुतातून पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती हाहाकार केला हे लोक विसरलेले नाहीत. अनवाणी पायाने पिंजरा धुणाऱ्याला मात्र पुराची वाट पाहावी लागत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कुत्रा चावण्याआधीच टोचून घेण्याची लस उपलब्ध आहे. रोज वीस अनोळखी कुत्रे हाताळणाऱ्याला ती मालकाच्या खर्चाने मिळालीच पाहिजे. प्राण्याच्या लसीचा दाखला फाटकावर मागणारा मालक आपल्या नोकराच्या लसीचा दाखला ठेवतो काय? कुत्रा चावला तर आमच्या मते तो कामावरचा अपघातच आहे. पण हजेरीपटावर नावच नसेल तर अपघात झाला कोणाला?

कामगार कायद्याची कुंपणे अशा छोट्या धंद्यांना चुकवूनच जातात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी केला गेला. त्याखालच्यांना नुसती सूचना देऊन मोकळे होता येते. २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. दोन-चार माणसांवर चालणारे बोर्डिंग या हिशेबात कोठेच येत नाही. किमान वेतन मात्र माणसे मोजत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेचा आधार त्या एकट्या झाडूवाल्यालाही आहे. हे त्याला सांगायचे कोणी, हा प्रश्न चळवळीचा आहे.

प्राण्यांच्या हक्कांची भाषा ऐकली की आपल्यातील काहींचे माथे भडकते. त्यामागे इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते ज्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता तेथे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधींच्या भेटीतही त्यांनी हीच तुलना मांडली होती. ही तुलना कुत्र्याच्या द्वेषातून आलेली नव्हती. रोष होता तो कुत्र्याला पाणी देऊन माणसाला हाकलणाऱ्या व्यवस्थेवर. आज एखाद्या बोर्डिंगमध्ये कुत्र्याच्या खोलीला वातानुकूलन असेल आणि रात्रपाळीचा माणूस त्याच शेडच्या कोपऱ्यात पुठ्ठा टाकून झोपत असेल, तर दोष कुत्र्याच्या खोलीतील वातानुकूलनाचा नव्हे. पुठ्ठा कोणत्याही नियमात बसत नाही, हा दोष आहे. कुत्र्याचा निकष कमी करा, ही आमची मागणी होऊ शकत नाही. पाणी आणि औषध माणसाला की जनावराला, असा वाद सम्राट अशोकाने घातला नाही. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय एकत्रच सांगितली आहे.

औद्योगिक क्षेत्राचा म्हणून आणखी एक धोका आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळे कुत्रे फिरू लागले. कारखान्यातील रंग सांडपाण्यातून त्यांच्या अंगावर चढला होता. छायाचित्रे जगभर गेली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनी बंद करण्याचा आदेश दिला. चांगले झाले. पण कासाडी नदीचे पाणी काही त्याच दिवशी नासले नव्हते. आणि २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतले गेले, शेकडो रहिवाशांना श्वास घेणे अवघड झाले, त्यांचे छायाचित्र जगभर गेले नाही. माणसे निळी झाली नव्हती ना! सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला रासायनिक कंपनीतून वायुगळती झाली, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन भीषण स्फोट झाले, माणसे गेली. अशा शेजारात पिंजऱ्याला बाहेरून कडी लावून प्राणी ठेवायचे आणि रात्री फाटकाला कुलूप घालून आत एक माणूस ठेवायचा, हा काय प्रकार आहे? स्फोट झाला तर दोघांनीही पळायचे कोठून? पुराचेही तेच. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली, तेव्हा प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. पूररेषेतील शेडमध्ये अडकलेल्यांसाठी बोट येईल, ही आशा करण्यात अर्थ नाही. रासायनिक कारखान्यापासून अंतर, पूररेषेबाहेरची जागा, आतून उघडणारा दुसरा दरवाजा आणि रात्रीच्या माणसाला वेगळी, हवेशीर खोली व संडास, एवढे परवान्याच्या अटीत आलेच पाहिजे. इंग्लंडच्या नियमांत कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेचे माप आहे, आपण राखणदाराच्या जागेचेही घालावे.

हे मंत्रालयातून आपोआप येणार नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज तीन ठिकाणी टाकावा. एमआयडीसीच्या अंबरनाथ कार्यालयाला विचारावे, औद्योगिक भूखंडावर प्राणी ठेवण्यासाठी किती वापरबदल मंजूर केले. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला विचारावे, २०१७ च्या नियमांखाली ठाणे जिल्ह्यातील किती बोर्डिंग चालकांची नोंदणी झाली आणि किती जागांची तपासणी झाली. तिसरा अर्ज कामगार खात्याला, या आस्थापनांत किमान वेतनाची तपासणी कधी झाली म्हणून. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर 'निरंक' आले तरी ती प्रत जपून ठेवावी. उच्च न्यायालयात याचिका करायची वेळ आली तर जोडपत्र क्रमांक एक म्हणून तीच लागेल.