भेगा बुजविताना
वडिलांच्या १९८२ सालच्या पद्मिनी मोटारीचा डॅशबोर्ड इंदूरच्या उन्हाने तडकला होता. व्हिनाइलला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने उडून जाते. मग ते आक्रसते नि फाटते. मी घाईने वरून रंग फासला. महिनाभरात पापुद्रे निघाले. जुन्या पॉलिशातील सिलिकोन रंगाला धरू देत नाही, हे कारागिराने सांगितले. त्याने आधी तेलकटपणा धुऊन काढला, भेगांच्या कडा तासल्या, लवचीक लुकण भरून घासले आणि खास व्हिनाइलच्या रंगाचे पातळ थर एकेक वाळवून चढविले. वाचकहो, मुलांना ‘चूक झाकू नका, सुधारा’ असे सांगणारा मुख्याध्यापक मनोमन वरमला.

कोपऱ्यात वडील उदबत्ती खोवीत, तेथील भोक बुजवू का, असे त्याने विचारले. म्हणालो, “तेवढे राहू द्या.”