विश्लेषण : कर्करोग बरा झाला, पण झोप उडाली… मोबाइल ॲप पुरेसे ठरेल?

कर्करोगाचे उपचार संपतात, तपासण्यांचे अहवाल चांगले येतात, तरीही अनेकांच्या रात्री छताकडे पाहत सरतात. या निद्रानाशावर गोळीविना उपचार आहे आणि तो मोबाइलवरूनही देता येतो. मात्र ॲपचे नाव सांगून रुग्णाला घरी पाठवले की काम झाले, असे मानणे चुकीचे ठरेल.

झोप का उडते?

केमोथेरपीबरोबर दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधे झोप उडवतात. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेक महिलांना ५ ते १० वर्षे हार्मोनविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे रात्री अचानक अंग तापून घाम फुटतो. त्यात शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि आजार उलटण्याची भीती. थकवा असतो म्हणून दुपारी झोप काढली जाते, रात्री लवकर अंथरूण धरले जाते. उपचाराच्या काळात हे ठीकच. पण ती सवय पुढेही टिकली की अंथरूण ही जागरणाची जागा होऊन बसते. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि सलग ३ महिने हा त्रास राहिला, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

मग झोपेची गोळी का नको?

गोळीने काही दिवस आराम पडतो, पण बिघडलेली सवय तशीच राहते. अनेक गोळ्यांची सवय लागण्याचा, वयस्कर रुग्णांत तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून ‘सीबीटी-आय’ची शिफारस केली. झोपेविषयीच्या सवयी आणि विचार बदलणारी ही काही आठवड्यांची पद्धत आहे.

ॲप नेमके काय करते?

आधी रोजची झोपेची नोंद घेते. समजा, एखादी व्यक्ती रात्री १० ते सकाळी ६ अंथरुणात असते, पण झोप साडेपाच तासच लागते. अशा वेळी ॲप तिला रात्री साडेबारापर्यंत जागे राहायला आणि सहाला उठायला सांगते. झोप सलग होऊ लागली की ही वेळ हळूहळू वाढवली जाते. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचे, दुपारची डुलकी टाळायची, ‘आज झोपलो नाही तर आजार परत येईल’ अशा विचारांना उत्तर शोधायचे, हेही त्यात येते. समुद्राची गाज किंवा मंद संगीत ऐकवणारी ॲप हा उपचार नव्हे.

पुरावा काय सांगतो?

डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २५५ महिलांवर अशा इंटरनेट कार्यक्रमाची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम घेणाऱ्या महिलांची झोप न घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. कॅनडात २४२ महिलांवरील चाचणीत चित्रफितीतून दिलेल्या उपचाराचाही फायदा झाला, पण तज्ज्ञाने समोर बसून दिलेला उपचार अधिक प्रभावी ठरला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपियो’ या ॲपची शिफारस केली. जर्मनीत २०१९ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त आरोग्य ॲप डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो.

मग अडते कुठे?

झोपेची वेळ आवळल्यावर पहिले एक-दोन आठवडे दिवसा अधिक पेंग येते. नेमके तेव्हाच लोक ॲप सोडून देतात. ‘हे अपेक्षित आहे, आणखी आठवडाभर थांबा’ असे सांगणारे माणूस त्या वेळी फोनवर लागते. दुसरी अडचण घराची. झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, हा सल्ला पाच जण झोपणाऱ्या एका खोलीत कसा पाळायचा? तिथे अंथरूण गुंडाळून खुर्चीवर किंवा ओट्याशी बसणे, असा पर्याय सांगावा लागेल. इंग्रजीतले ॲप हे सांगत नाही. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही मुलाच्या हातात असेल, तर नोंद कधी करायची हाही प्रश्न आहेच.

धोका कोणाला?

अपस्मार किंवा मेंदूत पसरलेल्या कर्करोगामुळे झटके येणारे आणि बायपोलर विकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेचे तास कमी करू नयेत. वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनीही सावध राहावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे याची तपासणी वेगळी. मन फार खचले असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

काय करायला हवे?

भारतात दरवर्षी कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. बरे होणाऱ्यांच्या तुलनेत झोपेचे प्रशिक्षित तज्ज्ञ फारच थोडे आहेत. त्यामुळे ॲपला पर्याय नाही, हे खरे. पण ते रुग्णालयाने द्यावे, मराठीत आणि आवाजी सूचनांसह असावे आणि पहिले तीन आठवडे परिचारिका किंवा समुपदेशकाचा साप्ताहिक फोन त्याला जोडलेला असावा. आजाराची माहिती जाहिरातदारांच्या हाती जाणार नाही, याची लेखी हमीही हवी. एप्रिल २०२० पासून देशात वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येते. तेव्हा निद्रानाश बरा करण्याचा दावा करणाऱ्या ॲपकडे पुरावा मागायलाच हवा.

त्याआधीची पायरी तर बिनखर्चाची आहे. फेरतपासणीत गाठ, वजन, रक्त यांची विचारपूस होते; झोपेची क्वचितच होते. ‘झोप लागते का?’ हा प्रश्न केसपेपरवर छापला गेला, तरच ॲप योग्य माणसापर्यंत पोहोचेल.